चार एकर विकून विषाणू विकत घ्यायचा का?

प्रश्न विचारणारे यवतमाळ जिल्ह्यातले एक शेतकरी आहेत. त्यांची मुलगी ९ वर्षांची. जन्मल्यापासून खोकला, वजन वाढत नाही, संडास तेलकट. दोनदा टीबीचा पूर्ण कोर्स झाला, फरक पडला नाही. घरातली आजी पहिल्यापासून म्हणायची, "पोरीचा मुका घेतला का खारट लागते." शेवटी नागपूरला घामाची तपासणी झाली, क्लोराइड ९६ आलं आणि सिस्टिक फायब्रोसिस हे नाव कळलं. आता कुणीतरी सांगितलंय की व्हायरसमध्ये चांगला जीन, म्हणजे जनुक, भरून एकच इंजेक्शन देतात, आजार मुळापासून जातो, खर्च १८ लाख, निम्मे आगाऊ. "चार एकर आहे. विकू का? आणि हे खरं आहे की थाप?" शेवटी त्यांनी हेही विचारलंय की वणीकडच्या कोळसा खाणीत आयुष्य काढलेल्या वडिलांच्या दम्यालाही हे चालेल का.

भाऊ, वावर विकू नका. पोरीचे औषधपाणी सांभाळून वेळ मिळेल तेव्हा पुढचं वाचा.

खरं की थाप, याचं उत्तर जरा अवघड आहे, कारण ज्या गोष्टीच्या नावावर तुम्हाला पैसे मागितले जातायत ती गोष्ट खरी आहे. विदर्भात परत येऊन छातीचा दवाखाना थाटण्याआधी मी तीन वर्षं प्रयोगशाळेत याच कामात घालवली. श्वासनलिकेच्या पेशी पातळ पडद्यावर वाढवायच्या आणि त्यांच्यात विषाणूमार्फत जीन घालायचा. म्हणून जरा अधिकाराने आणि जरा चिडून लिहितोय.

विषाणूचं सारं आयुष्य एकाच कामात जातं, पेशीत शिरायचं आणि आपली जनुकं आत सोडायची. शास्त्रज्ञांनी त्याची रोग करणारी जनुकं काढून टाकली आणि त्या जागी आपल्याला हवा तो जीन भरला. अशा रिकाम्या करून भरलेल्या विषाणूला व्हेक्टर म्हणतात, म्हणजे वाहक. तुमच्या वावरातली बीटी कपाशी याच डोक्याने झाली. २००२ साली आपल्याकडे तिला परवानगी मिळाली. तिच्यातला अळी मारणारा जीन मातीतल्या एका जिवाणूचा आणि तो कपाशीत नेणारा दुसरा जिवाणू, जो निसर्गतःच झाडाच्या पेशीत आपला डीएनए सोडतो. तिथे जिवाणू वाहक होता, इथे विषाणू आहे.

एवढंच कशाला, तुम्ही कोविशील्ड घेतली असेल तर वाहक विषाणू तुमच्या दंडातून जाऊन आलाय. ती लस म्हणजे चिंपांझीचा ॲडिनोव्हायरस, त्याच्यात करोनाच्या काट्याचा जीन. अर्ध्या मिलिलिटरच्या एका मात्रेत सुमारे ५,००० कोटी कण.

मग अडलं कुठे? बीटीचं काम प्रयोगशाळेत थोड्याशा पेशींवर झालं. पेशीचं झाड झालं, झाडाचं बी झालं, म्हणून आज प्रत्येक पानात, प्रत्येक बोंडात तो जीन आहे. तुमची मुलगी मात्र उभं पीक आहे. उभ्या पिकाच्या पानापानात जाऊन जीन बदलायचा आहे, तोही असा की पीक हाललं नाही पाहिजे. आणि लसीला तर अंगातली प्रतिकारशक्ती जागीच करायची असते, परिणाम चार दिवस टिकला तरी भागतं. इथे नेमकं उलटं हवं. प्रतिकारशक्तीने झोपून राहावं आणि जीनने वर्षानुवर्षं काम करावं.

आजाराबद्दल थोडं. सातव्या गुणसूत्रावर सीएफटीआर नावाचा जीन आहे, तो १९८९ मध्ये सापडला. त्यातून पेशीच्या पृष्ठभागावरची क्षार आणि पाणी सोडणारी एक झडप तयार होते. आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून बिघडलेली प्रत आली की झडप काम करत नाही. घामात मीठ राहून जातं, म्हणून आजीला पोर खारट लागायची. फुप्फुसात मात्र पाणी कमी पडतं, बेडका डिंकासारखा घट्ट होतो, त्यात जंतू वस्ती करतात. एका जीनचा आजार, जागा ठाऊक, आणि फुप्फुस तर श्वासाने उघडंच आहे. वाफेतून जीन द्यायचा की काम झालं, असं तेव्हा सगळ्यांनाच वाटलं. प्रयोगशाळेत मोजूनही झालं होतं की शंभरात ६ ते १० पेशी दुरुस्त झाल्या तरी त्या थराची क्षार सोडण्याची क्षमता सावरते. पुढे कळलं की बेडका नीट वाहायला हवा असेल तर साधारण २५ पेशी लागतात. तरी आशा वाटण्यासारखाच आकडा आहे.

१९९३ मध्ये अमेरिकेत रोनाल्ड क्रिस्टल यांच्या चमूने ॲडिनोव्हायरसमध्ये सीएफटीआर भरून पहिल्यांदा रुग्णांच्या नाकात आणि श्वासनलिकेत सोडला. सर्दी करणारा विषाणू, श्वासनलिकेतच राहणारा, म्हणून निवडलेला. जीन काही दिवस दिसला, मग गेला. जास्त मात्रा दिलेल्या एका रुग्णाला फुप्फुसात सूज आली.

का गेला, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. आम्ही चमकणाऱ्या हिरव्या प्रथिनाचा जीन ॲडिनोव्हायरसमध्ये भरून पेशींच्या थरावर वरून ओतायचो. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली बघावं तर काळोख. एकदा माझ्या हातून पिपेटचं टोक लागून थराला ओरखडा पडला. गाइडचं बोलणं खाल्लं. पण दुसऱ्या दिवशी त्या ओरखड्याच्या दोन्ही काठांनी हिरवी रेघ लख्ख उजळलेली! कारण असं की या विषाणूला धरून ठेवणारी कडी पेशीच्या वरच्या अंगाला नसतेच, ती खालच्या आणि बाजूच्या अंगाला असते. पांढरी माशी पानाच्या खालून बसते आणि आपण वरून फवारतो, तेव्हा जे होतं तेच. वरून कितीही फवारा, पान ओलं होईल, माशी तशीच.

आणि ही झाली निरोगी पेशींची गोष्ट. तुमच्या मुलीच्या श्वासनलिकेत वर बेडक्याचा थर आहे, त्याखाली केसांसारखी हलणारी लव, जी आलेली प्रत्येक गोष्ट घशाकडे ढकलते, आणि खाली गस्त घालणाऱ्या पेशी, ज्या परका कण दिसला की गिळतात. फुप्फुसाची ही सगळी रचना विषाणूला बाहेर ठेवण्यासाठीच झालीय, आणि आपण म्हणतो एक विषाणू तेवढा आत घे. त्यातून एखादा आत पोचलाच, तरी वरच्या थरातल्या पेशी पानांसारख्या गळतात. त्यांच्याबरोबर दिलेला जीनही गळतो. मुळाशी असतात त्या पायाभूत पेशी, नव्या पेशी त्यांच्यापासून येतात, पण त्यांच्यापर्यंत फवारणी पोचणं आणखी कठीण. मग पुन्हा द्यावं म्हटलं, तर अंगाने पहिल्याच वेळी विषाणू ओळखून ठेवलेला असतो. दुसरी मात्रा दारातच मारली जाते.

१९९९ मध्ये अमेरिकेत जेसी गेल्सिंगर हा १८ वर्षांचा मुलगा गेला. आजार यकृताचा होता, फुप्फुसाचा नव्हे, पण वाहक तोच ॲडिनोव्हायरस, यकृताच्या धमनीतून दिलेला. शरीराने जी प्रतिक्रिया दिली ती आवरली नाही, चार दिवसांत सगळं संपलं. त्यानंतर हे क्षेत्र बरीच वर्षं दबून चाललं, आणि ते बरंच झालं असं माझं मत आहे.

पुढचा उमेदवार एएव्ही. हा छोटासा विषाणू माणसाला कुठला आजार करतो असं आढळलेलं नाही. डोळ्याच्या एका अंधत्वावर २०१७ मध्ये आणि बाळांच्या स्नायूंच्या आजारावर २०१९ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेली औषधं याच्यावरच उभी आहेत. ज्याच्यासाठी लोक वर्गणी गोळा करतात ते '१६ कोटींचं इंजेक्शन' हेच. तुमच्याकडे आलेल्या माणसाने बहुतेक त्याचीच बातमी दाखवली असेल. पण एएव्हीच्या पोटात साधारण ४,७०० अक्षरांचाच डीएनए मावतो आणि एकट्या सीएफटीआरची अक्षरं ४,४०० च्या वर आहेत. जीन चालू करणारं बटण आणि दोन्ही टोकांच्या गाठी ठेवायला जागाच उरत नाही. तरीही एएव्ही-२ वाफेतून पुन्हापुन्हा देऊन २००० नंतरच्या दशकात चाचण्या झाल्या. त्रास फारसा झाला नाही, पण फुंकर मारायच्या तपासणीत सुधारणाही दिसली नाही. आता बेडक्यातून वाट काढू शकतील असे नवे एएव्ही निवडून काढले आहेत. अशाच एकाची, ४डी-७१० नावाच्या औषधाची, वाफेतून चाचणी अमेरिकेत चालू आहे.

तिसरी वाट लेंटिव्हायरसची. हा एचआयव्हीच्या घराण्यातला, रोग करणारा भाग काढून टाकलेला. याचं वैशिष्ट्य असं की तो जीन पेशीच्या स्वतःच्या डीएनएत शिवून टाकतो, त्यामुळे पेशी वाढली तरी जीन पुढे जातो. ब्रिटनमधल्या शास्त्रज्ञांनी त्याला सेंदाई नावाच्या श्वसनमार्गातल्या विषाणूचं बाहेरचं कवच चढवलं, म्हणजे तो वरच्या अंगाने पेशीत शिरेल. पानाच्या वरून धरणारं औषध म्हणा. त्याची माणसांवरची पहिली चाचणी २०२४ मध्ये युरोपात सुरू झाली. माझी स्वतःची भिस्त यावर जास्त आहे. पण शिवणाऱ्या विषाणूची एक भीती असते. टाका चुकीच्या जागी पडला तर कर्करोग होऊ शकतो. पॅरिसमध्ये प्रतिकारशक्तीच्या जन्मजात आजाराच्या मुलांना अशाच शिवणाऱ्या पण जुन्या पद्धतीच्या रेट्रोव्हायरसने जीन दिला होता. मुलं बरी झाली आणि त्यातल्या काहींना पुढे रक्ताचा कर्करोग झाला. नवे लेंटिव्हायरस त्यामानाने सुरक्षित बनवलेत, तरी असं औषध दिलेल्या माणसावर वर्षानुवर्षं लक्ष ठेवावं लागतं.

इथे तुम्ही म्हणाल, आपल्या गडचिरोली-चंद्रपूरकडच्या सिकलसेलला तर जीन थेरपी निघाली, पेपरात आलं होतं. बरोबर आहे. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत एकाच दिवशी दोन मंजूर झाल्या, त्यातली एक लेंटिव्हायरसची. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने लेंटिव्हायरस वापरूनच हिमोफिलियाच्या, म्हणजे रक्त न गोठण्याच्या आजाराच्या, ५ रुग्णांचे निकाल २०२४ मध्ये प्रसिद्ध केले. मुंबईत आयआयटी आणि टाटा रुग्णालयाच्या कामातून आलेली रक्ताच्या कर्करोगावरची नेक्सकार-१९ ही तशीच, २०२३ ची. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. पेशी अंगातून बाहेर काढता येतात, भांड्यात ठेवून विषाणूशी निवांत गाठ घालता येते, तपासता येतात, मग परत देता येतात. रक्ताचं ते जमतं. फुप्फुस बाहेर काढून भांड्यात ठेवता येत नाही. त्यामुळे आपल्या देशात जीन थेरपी होते हे खरं, पण त्यावरून फुप्फुसाचीही होते असा अर्थ काढू नका.

तर आजची स्थिती सरळ सांगतो. सिस्टिक फायब्रोसिसवर किंवा फुप्फुसाच्या कुठल्याही जन्मजात आजारावर विषाणूवाहक जीन थेरपी जगात कुठेही मंजूर नाही. चाचण्या चालू आहेत त्या मोठ्या माणसांवर, १८ वर्षांपुढच्या. ९ वर्षांच्या मुलीला कुणी 'आत्ता देतो' म्हणत असेल तर तो चाचणीतला माणूस नाही, एवढं पक्कं समजा.

त्याने इंजेक्शन म्हटलंय, हेही बघा. शिरेतून दिलेला एएव्ही मुख्यतः यकृतात जाऊन बसतो. श्वासनलिकेच्या आतल्या थरापर्यंत फारच थोडा पोचतो, म्हणून तर सगळे वाफेच्या मागे आहेत. आणि शिरेतून मोठ्या मात्रा दिलेल्या काही मुलांचं यकृत निकामी होऊन मृत्यू झाले आहेत, तेही नावाजलेल्या ठिकाणी, सगळी काळजी घेऊन. आता त्या माणसाच्या कुपीत खरोखर विषाणू असेल की सलाइन, कोण जाणे. सलाइन असेल तर पैसे जातील. खरंच एएव्ही असेल तर जास्त वाईट, कारण तिच्या अंगात त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतील आणि पाच-दहा वर्षांनी खरं औषध आलं तर कदाचित तिला तेच चालणार नाही. ही संधी बहुधा एकदाच वापरता येते. ती कुणाच्या हाती देताय ते बघा.

खरी चाचणी ओळखायला फार शिक्षण लागत नाही. आपल्याकडे प्रत्येक चाचणीची सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत नोंद लागते, ती मोबाइलवर कुणालाही फुकट बघता येते. नोंदणी क्रमांक मागा. जीन थेरपीसाठी आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेचे २०१९ चे वेगळे नियम आहेत, केंद्राच्या औषध नियंत्रकाची परवानगी लागते, रुग्णालयाच्या नैतिकता समितीची लागते. संमतीपत्र तुम्हाला समजेल त्या भाषेत, म्हणजे मराठीत, वाचून दाखवावं लागतं. आणि चाचणीतल्या औषधाचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत. हा शेवटचा मुद्दा विचारलात की बहुतेकांचा फोन लागायचा बंद होतो. मागे माझ्या एका रुग्णाने, सीओपीडीच्या, म्हणजे धुराने फुप्फुस खराब झालेल्या, अशाच 'पेशींच्या' उपचाराला साडेतीन लाख दिले होते. परत आला तेव्हा हातात पावतीसुद्धा नव्हती.

तुमच्या वडिलांचं थोडक्यात. खाणीतल्या धुळीने फुप्फुसाला वण पडतात, चुलीच्या धुराने आणि बिडीने सीओपीडी होतो, टीबी बरा झाल्यावर पोकळ्या राहतात. यांतलं काहीच एका बिघडलेल्या जीनमुळे झालेलं नाही, त्यामुळे बदलायला जीनच नाही. त्यांना पंप नीट ओढायला शिकवा. दहातले सात जण चुकीचा ओढतात असा माझा ओपीडीतला अंदाज आहे. खाणीच्या नोकरीची कागदपत्रं जपून ठेवा, नुकसानभरपाईला लागतात.

आता पोरीचं, आणि हे मात्र नीट वाचा.

पहिलं काम जीनची तपासणी. घामाने आजार कळला, पण सीएफटीआरमध्ये नेमका बिघाड कुठला हे रक्ताच्या तपासणीतून कळेल. युरोपात सर्वांत जास्त सापडणारा बिघाड आपल्याकडे त्या प्रमाणात सापडत नाही, म्हणून परदेशी ठरावीक बिघाडांचा छोटा संच पुरत नाही, पूर्ण जीन वाचून घ्या. का? कारण २०१२ पासून गोळ्या निघाल्या आहेत, २०१९ पासून तीन औषधांची एकत्र गोळी आहे, त्या बिघडलेली झडप सरळ करतात. ज्यांना लागू पडतात त्यांचं आयुष्यच बदलतं. फार महाग आहेत, आपल्याकडे सहज मिळत नाहीत, पण लागू पडणार की नाही हे कळलं तर पुढची खटपट तरी योग्य दिशेने होईल. ज्यांच्यात झडप तयारच होत नाही त्यांना त्या लागू पडत नाहीत, आणि जीन थेरपीच्या चाचण्या आधी अशाच लोकांसाठी चालल्या आहेत.

दुसरं, मीठ. विदर्भात हे पहिलं लिहायला हवं होतं. अकोला-चंद्रपूरकडे पारा ४५ च्या वर जातो तेव्हा या मुलांच्या घामातून इतकं मीठ जातं की रक्तातलं सोडियम, पोटॅशियम घसरतं. मूल मलूल पडतं, उलट्या होतात, लोक ऊन लागलं म्हणून कांदा लावत बसतात. तिला मार्चपासून पावसाळा लागेपर्यंत जेवणात मीठ जास्त द्या. ओआरएसचं पाकीट एक लिटर पाण्यात, अर्ध्या ग्लासात कधीच नाही. नुसतं पाणी पाजत राहू नका. पोर गळून गेली, डोळे खोल गेले तर थेट दवाखान्यात न्या आणि 'हिला सिस्टिक फायब्रोसिस आहे, सोडियम-पोटॅशियम बघा' हे वाक्य बोला. कागदावर लिहून घरात ठेवा, तुम्ही वावरात असलात तर आजीला दाखवता येईल.

तिसरं, खाणं. खोकला आहे म्हणून तेल, तूप, दही, केळी बंद करायची आपल्याकडे रीतच आहे. या मुलीला ते सगळं सुरू करा. तिचं स्वादुपिंड पाचक रस सोडत नाही, म्हणून संडास तेलकट होते. त्यावर कॅप्सूल मिळतात, प्रत्येक जेवणाच्या सुरुवातीला घ्यायच्या. कॅप्सूल घेतली की भाकरीवर तेल-चटणी, शेंगदाण्याचा लाडू, साय, सगळं चालतं, चालायलाच हवं. वजन टिकलं की फुप्फुस टिकतं, हे या आजारात वर्षानुवर्षं दिसून आलंय.

चौथं, बेडका काढणं. रोज सकाळ-संध्याकाळ नेब्युलायझर यंत्रातून खारट पाण्याची वाफ, आधी श्वासनलिका मोकळी करणारा पंप, मग पाठीवर थापटणं आणि जोराने श्वास सोडायचा व्यायाम. फिजिओथेरपिस्टकडून एकदा नीट शिकून घ्या. लाइट गेली तर वाफ चुकेल, थापटणं चुकवू नका. वाफेच्या यंत्राची भांडी रोज धुऊन उकळायची आणि पूर्ण वाळवायची, नाहीतर औषधाबरोबर जंतूच आत जातात. दर तीन महिन्यांनी बेडका कल्चरला, म्हणजे त्यात कुठला जंतू वाढतो ते तपासायला, द्या. स्यूडोमोनास नावाचा जंतू पहिल्यांदा दिसतो तेव्हा त्याला हाकलता येतं, घर करून बसला की फार अवघड होतं. आणि आता तिसऱ्यांदा कुणी टीबीची औषधं सुरू करायला निघालं तर आधी बेडक्यात टीबीचा जंतू दाखवा म्हणा.

वावर राखून या सगळ्याचा खर्च निघतो. काही वर्षांनी चाचणी आपल्याकडे आली तर त्यात फुप्फुसाची ताकद मोजूनच लोक घेतात, वणांनी भरलेलं फुप्फुस घेत नाहीत.

एक राहिलं. तुम्ही लिहिलंय की पोरीला दीड वर्षाचा धाकटा भाऊ आहे आणि तो चांगला आहे. तुम्ही दोघं नवरा-बायको या जीनची एकेक बिघडलेली प्रत बाळगता, म्हणजे प्रत्येक बाळंतपणात चारात एक अशी शक्यता असते. तो वरून धडधाकट दिसला तरी त्याची घामाची तपासणी करून घ्या. पुढे आणखी मूल हवं असेल तर गरोदरपणाच्या तिसऱ्या महिन्यात तपासता येतं, पण त्यासाठी पोरीचा जीन-रिपोर्ट आधी हातात हवा. नागपूरला जाल तेव्हा दोन्ही लेकरांना सोबत न्या, एका खेपेत होईल. तोवर आजीला विचारून ठेवा, धाकट्याचा मुका कसा लागतो ते. पोरीच्या वेळी आमच्या सगळ्यांच्या आधी त्यांनाच कळलं होतं.